वानरांना नावे देणारे आचार्य : किंजी इमानिशी

गेल्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली एक विद्यार्थिनी वडिलांना बरोबर घेऊन माझ्याकडे आली. मुलगी जोयड्याकडची, अणशी घाटाच्या अलीकडच्या एका वाड्यावरची. तिला पुढे एम.एस्सी. करून वानरांच्या वागणुकीवर, विशेषतः पिले मोठ्यांकडून काय शिकतात व कसे शिकतात यावर, पीएच.डी. करावयाची आहे. वडिलांची शंका सरळ होती. वानरे आपल्या परसात रोज येतात, केळी नासवतात, कौले फोडतात. त्यांच्याकडे पाहत बसण्यासाठी पाच-सहा वर्षे आणि एवढा पैसा कशाला घालवायचा? मी त्यांना चहा दिला, पण उत्तर दिले नाही. हीच शंका सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी मला विचारली होती आणि तेव्हाही मला उत्तर सुचले नव्हते.

माझे घर मूळचे सुप्याकडचे. काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे रामनगरला येऊन वसली. नव्या जागी घरे बांधली गेली, पण झाडे लहान होती आणि वानरे नव्हती. आई म्हणे की इथे सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. वानरांचा तो पहाटेचा हुंकार आपल्याला ऐकू येत होता, हे तो बंद झाल्यावर कळले. पुढे धारवाडला एम.एस्सी.ला असताना ग्रंथालयात एका जपानी नियतकालिकाचे जुने अंक चाळत होतो. त्यात एका लेखात धारवाडचे नाव दिसले. पुढे पाहतो तो हल्याळचा रस्ता, त्याच्या दुतर्फाचे सागवानी जंगल आणि त्यातल्या वानरांच्या टोळ्यांचे क्रमांक. आमची बस दर सुटीत ज्या रस्त्याने जात असे तोच हा रस्ता. त्या लेखाचा कर्ता कोण, तो इतक्या दुरून इथे का आला, हे शोधीत मागे जाता जाता मी ज्या माणसापर्यंत पोहोचलो, त्याचे नाव किंजी इमानिशी. त्या मुलीच्या वडिलांना त्या दिवशी सांगता आले नाही ते आज इथे लिहितो.

इमानिशी यांचा जन्म 6 जानेवारी 1902 रोजी क्योटोतील निशिजिन या विणकरांच्या पेठेत झाला. घराणे रेशमी कापडाच्या धंद्यातले आणि सधन. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो, कारण थोरांच्या चरित्रांत ती बहुधा गाळलेली असते. पुढे या गृहस्थांनी विद्यापीठात कित्येक वर्षे बिनपगारी अध्यापक म्हणून काम केले. त्यांच्या ज्ञाननिष्ठेचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण घरात चार पैसे नसते तर ती निष्ठा किती दिवस टिकली असती, हा प्रश्न आपल्यासारख्यांनी विचारावयास हरकत नाही.

लहानपणापासून त्यांना दोन वेडे होती, किडे आणि डोंगर. क्योटो विद्यापीठाच्या कृषी शाखेतून कीटकशास्त्र घेऊन ते 1928 मध्ये पदवीधर झाले. डॉक्टरेटसाठी त्यांनी घेतलेला विषय वाचून आपल्याकडचा कोणीही पालक कपाळाला हात लावील. वाहत्या पाण्यातील दगडांना चिकटून राहणाऱ्या, मे-माशी नावाच्या क्षणजीवी कीटकाच्या अळ्या! क्योटो शहरातून कामो नावाची नदी वाहते. तिच्या पाण्यात उतरून ते एकेक दगड उलटा करून पाहत. 1933 मध्ये त्यांच्या ध्यानात आले की या अळ्यांच्या निरनिराळ्या जाती कशाही विखुरलेल्या नाहीत. काठाच्या संथ पाण्यात एक, त्यापुढे दुसरी, आणि मधल्या जोरदार धारेत आणखी एक, अशा त्या ओळीने वसलेल्या आहेत. जणू नदीची वाटणी झालेली आहे आणि कोणी कोणाच्या हद्दीत जात नाही. या वाटून राहण्याला त्यांनी जपानी भाषेत सुमिवाके असे नाव दिले. सृष्टीचा पाया जीवघेण्या स्पर्धेत नसून अशा वाटून राहण्यात आहे, प्रत्येक जातीचा एक समाज असतो आणि माणूस त्याला अपवाद नाही, हा विचार त्या दगडांखालून निघाला आणि जन्मभर त्यांच्याबरोबर राहिला. त्याने त्यांना फार मोठे केले आणि पुढे अडचणीतही आणले. ते ओघाने येईलच.

1941 साली युद्धाचे ढग दाटलेले असताना, आपल्याला केव्हाही सैन्यात बोलावणे येईल आणि मग परत येणे होईल न होईल, अशा मनःस्थितीत त्यांनी सजीवांच्या जगाविषयी एक लहानसे पुस्तक लिहून काढले. मृत्युपत्र लिहावे तसे ते लिहिले. संदर्भांची गर्दी नाही, आकडे नाहीत. त्याचे इंग्रजी भाषांतर व्हायला 2002 साल उजाडले. युद्धकाळात ते अंतर्मंगोलियात एका संशोधनसंस्थेचे संचालक होते. तिथे स्टेपच्या गवताळ रानात घोडे-मेंढ्यांचे कळप आणि त्यांच्यामागे फिरणारे धनगर पाहता पाहता त्यांचे लक्ष किड्यांवरून कळपाकडे वळले.

युद्ध हरलेल्या, उपाशी जपानात ते परतले तेव्हा वय चव्वेचाळीस. हाताशी पैसा नाही, उपकरण नाही. होते काय, तर दोन तरुण विद्यार्थी, जुनइचिरो इतानी आणि शुंझो कावामुरा. 1948 मध्ये क्यूशू बेटाच्या दक्षिणेला तोइ नावाच्या भूशिरावर हे तिघे अर्धवट रानटी घोड्यांचा अभ्यास करीत होते. प्रत्येक घोड्याला ओळखायचे आणि कोण कोणाजवळ उभा राहतो, कोण कोणाला वाट देतो ते वहीत टिपायचे, एवढीच पद्धत. त्याच मुलखात त्यांना माकडांची टोळी दिसली आणि घोड्यांपेक्षा हा समाज किती तरी गुंतागुंतीचा आहे हे कळून चुकले. 3 डिसेंबर 1948 रोजी ते जवळच्या कोशिमा बेटावर माकडे पाहण्यास गेले. जपानी वानरविद्येचा जन्मदिवस म्हणून हाच दिवस मानतात.

आता या मंडळींनी केले काय? पहिली गोष्ट म्हणजे टोळीतल्या प्रत्येक माकडाला नाव दिले. आज हे ऐकून कोणाला काही वाटणार नाही. पण त्या काळी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना प्राण्याला नाव देणे म्हणजे पोरकटपणा वाटे. प्राण्याला क्रमांक असावा, स्वभाव असू नये. जेन गुडॉल 1960 मध्ये गोंबेच्या जंगलात गेल्या आणि चिंपांझींना नावे दिल्याबद्दल त्यांना बोल ऐकावे लागले, ही हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकांतही येते. त्याच्या दहा-बारा वर्षे आधी जपानात हे बिनबोभाट सुरू होते. ज्या घरात गाईम्हशींना नावे आहेत त्या घरातल्या आपल्या मुलांना यात नवल वाटायचे कारण नाही. दुसरी गोष्ट, ते वर्षानुवर्षे एकाच टोळीकडे पाहत राहिले. त्यामुळे कोण कोणाची आई, कोण कोणाची मावशी हे त्यांना ठाऊक झाले. मुलीला टोळीतला मान आईवरून मिळतो आणि सख्ख्या बहिणींत धाकटी वरचढ ठरते, हा कावामुरांचा शोध अशाच वंशावळींतून निघाला.

1952 मध्ये इमानिशींनी एक विलक्षण निबंध लिहिला. त्यात एक गांधीलमाशी, एक माकड, एक उत्क्रांतिवादी आणि एक सामान्य माणूस यांचा संवाद कल्पिलेला आहे. त्यातून त्यांनी असे मांडले की जे रक्तातून येत नाही, टोळीत एकमेकांपासून शिकून पुढच्या पिढीकडे जाते, त्याला संस्कृती म्हणावयाचे असेल तर ती माणसापुरती असण्याचे कारण नाही. माकडांतही ती सापडावी. पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. तो पुढच्याच वर्षी एका शाळामास्तरणीच्या डोळ्यांना दिसला.

कोशिमाच्या माकडांना 1952 च्या उन्हाळ्यात रताळ्यांची चटक लावण्यात इतानी व त्यांच्या सहकाऱ्यांना यश आले होते. वाळूवर रताळी टाकायची, माकडे जंगलातून उघड्यावर येतात, मग त्यांना नीट पाहता येते. सप्टेंबर 1953 मध्ये तिथल्या स्थानिक शिक्षिका सात्सुए मितो यांनी पाहिले की दीड वर्षाची एक मादी वाळूने माखलेले रताळे ओहोळावर नेऊन धुते आहे. तिचे नाव इमो. जपानीत इमो म्हणजे रताळे-बटाट्यासारखा कंद. कंदांना जीव लावणाऱ्या आमच्या जोयड्याच्या कुणब्यांना ही गोष्ट सांगितली की ते हसतात, आणि मग त्या माकडीणीची आपुलकीने चौकशी करतात. इमोचे पाहून तिचे सवंगडी धुऊ लागले, मग तिची आई, मग इतर. 1958 पर्यंत दोन ते सात वर्षे वयाच्या 19 पैकी 15 माकडे रताळी धुऊन खात होती. आठ वर्षांवरच्या 11 जणांपैकी मात्र फक्त 2. म्हणजे विद्या पोरांकडून वर चढली आणि म्हाताऱ्या नरांच्या उंबरठ्याशी थांबली. प्राध्यापकांच्या बैठकीत हा आकडा सांगण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. पुढे ज्या पिलांच्या आया धुऊन खात, ती पिले आपोआप तसे शिकू लागली. 1956 मध्ये त्याच इमोने वाळूत मिसळलेले गहू मुठीने पाण्यात टाकून वाळू बुडू द्यायची आणि तरंगणारे दाणे वेचायचे अशी युक्ती काढली. मासाओ कावाई यांनी 1965 मध्ये हा सारा वृत्तांत व्यवस्थित प्रसिद्ध केला.

इथे विद्यार्थ्यांना एक इशारा देतो. शंभराव्या माकडाने रताळे धुतले आणि त्या क्षणी समुद्रापलीकडच्या सर्व माकडांना ती विद्या आपोआप आली, अशी एक कथा व्याख्यानांतून सांगतात. लायल वॉटसन यांच्या 1979 च्या पुस्तकातून ती पसरली. कोशिमाच्या नोंदींत तिला काडीचा आधार नाही. उलट खरी गोष्ट अशी की प्रसार फार सावकाश झाला. इतका सावकाश की बेनेट गॅलेफ या मानसशास्त्रज्ञांनी पुढे शंका काढली की यात अनुकरण थोडे असून ज्याने त्याने स्वतःच पाण्याशी खेळता खेळता युक्ती शोधली असेल. आणि रताळी देणाऱ्या माणसाचाही त्यात हात असेल. शंका रास्त आहे. पाहून शिकणे आणि पाहिल्यामुळे त्या जागी जाऊन आपले आपण शिकणे, यांत फरक कसा करायचा हा आजही या शास्त्रातला अवघड प्रश्न आहे. आमच्या मुलीला पीएच.डी. करायची आहे ती याच प्रश्नावर, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

इमानिशी स्वतः एका ठिकाणी बसणारे नव्हते. 1952 मध्ये ते नेपाळात मनास्लू शिखराच्या पाहणीला गेलेल्या जपानी पथकाचे नेते होते. 1956 मध्ये जपानी मोहीम त्या शिखरावर पोहोचली. त्याच वर्षी इनुयामा येथे जपान मंकी सेंटर स्थापन झाले आणि 1957 पासून त्याचे नियतकालिक निघू लागले. धारवाडच्या ग्रंथालयात माझ्या हाती लागले ते हेच. 1958 मध्ये ते इतानींसह गोरिला पाहण्यास आफ्रिकेत गेले आणि पुढे तेथे क्योटोच्या मोहिमा सुरू झाल्या.

आणि 1961 मध्ये त्यांच्या परंपरेतली माणसे आपल्याकडे आली. जपान व भारत यांच्या संयुक्त प्रकल्पात देन्झाबुरो मियादी व कावामुरा यांच्या पुढाकाराने युकिमारु सुगियामा आणि केंजी योशिबा धारवाडला राहिले. एम. डी. पार्थसारथी त्यांचे सहकारी होते. धारवाडच्या पश्चिमेला हल्याळकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांनी वानरांच्या टोळ्या मोजल्या, ओळखल्या. आपल्या कन्नड विभागाचे वाचक ज्यांना मुस्या म्हणतात ती ही काळ्या तोंडाची वानरे. लाल तोंडाचा मंग तो निराळा. बहुतेक टोळ्यांत मोठा नर एकच होता आणि उरलेले नर वेगळी टोळकी करून फिरत. त्याआधी फिलिस जे या अमेरिकन बाईंनी उत्तर भारतात व बस्तरकडे वानरे पाहिली होती. त्यांना त्या टोळ्या शांत, भांडणतंटा कमी असलेल्या दिसल्या होत्या.

1962 मध्ये सुगियामांनी जे पाहिले ते त्यांना अपेक्षित नव्हते. नरांच्या एका टोळक्याने एका टोळीवर हल्ला करून तिच्या नराला हुसकले. मग टोळक्यातल्या एकाने बाकीच्या सोबत्यांनाही हाकलले आणि टोळी ताब्यात घेतली. त्यानंतरच्या सुमारे दोन महिन्यांत टोळीतली अंगावर पिणारी पिले त्या नव्या नराच्या चाव्यांनी एकामागून एक नाहीशी झाली. पुढे संशोधकांनी दुसऱ्या एका टोळीतला नर मुद्दाम काढून नेला, तर तिथेही शेजारचा नर आला आणि तेच घडले.

सहवासाला सृष्टीचा पाया मानणाऱ्या आचार्यांच्या शिष्यपरंपरेतील माणसाच्या वहीत ही नोंद यावी! इमानिशींच्या विचारात या घटनेला सोयीची जागा नव्हती. 1965 मध्ये लेख प्रसिद्ध झाला तेव्हा जगातही फारशी कोणाकडे नव्हती. वस्ती दाट झाल्यामुळे आलेली ही विकृती आहे असे म्हणून अनेकांनी ती बाजूला सारली. 1971 पासून अबूच्या डोंगरावर काम करणाऱ्या सारा हर्डी यांनी तिचा अर्थ लावला. नव्या नराला टोळी थोडाच काळ मिळते. दुसऱ्याचे दूधपिते पिलू गेले की त्याची आई लवकर माजावर येते आणि त्याची स्वतःची संतती होते. म्हणजे निवळ स्पर्धा, डार्विनने सांगितलेली. 1999 मध्ये नेपाळातल्या वानरांच्या डीएनएवरून सिद्ध झाले की मारणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते. त्या जागेचे नाव रामनगर. आमचे नव्हे, पण नाव वाचून मी चमकलो होतो.

माझी स्वतःची हकीकत दोन ओळींत सांगतो. धारवाडहून परतल्यावर मी दोन वर्षे जगलबेट ते अणशी या भागात एका टोळीच्या मागे होतो. सतरा जणांना नावे दिली होती. एक आई वाळून कोळ झालेले पिलू आठ दिवस छातीशी धरून फिरताना पाहिली. एकदा नर बदलला आणि महिन्याभरात तीन पिले दिसेनाशी झाली. पण प्रत्यक्ष मारताना मी पाहिले नाही, म्हणून वहीत तसे लिहिले नाही. एका संस्थेत नोंदणीसाठी गेलो तेव्हा, वानरे पाहणे हा विषय होत नाही, उंदराच्या यकृतावर काही करा, असे सांगण्यात आले. संस्थेचे व व्यक्तीचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. घरी पैशाची गरज होती. मी अधिव्याख्याता झालो आणि वह्या ट्रंकेत गेल्या.

इमानिशी 1959 मध्ये प्राध्यापक झाले तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. 1967 ते 1973 गिफू विद्यापीठाचे अध्यक्ष होते, 1979 मध्ये त्यांना जपानचा संस्कृति-सन्मान मिळाला. उतारवयात ते नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाशी उघड भांडू लागले. जाती वेळ आली की बदलतात, झगडून नव्हे, असे म्हणू लागले. ब्रिटिश शास्त्रज्ञ बेव्हर्ली हॉलस्टेड यांनी 1985 मध्ये त्यांच्यावर कडक टीका केली. माझ्या मते या वादात इमानिशी चुकले होते. आपल्या शिष्यपरंपरेने जमवलेल्या पुराव्याकडे त्यांनी अधिक मोकळ्या मनाने पाहावयास हवे होते. पण हेही खरे की जाती म्हणजे एक समाज आहे असे न मानता कोणी नदीकाठी बसला असता, तर त्याने माकडांना नावे दिली नसती. आणि नावे नसती तर नर कोणता नवा व पिलू कोणाचे, हे हल्याळच्या रस्त्यावर कोणाला कळले असते? डोंगर मात्र त्यांनी सोडले नाहीत. 1985 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी आपला पंधराशेवा डोंगर चढला. 15 जून 1992 रोजी ते वारले. त्या दिवशी मी बहुधा वर्गात पेशीविभाजन शिकवीत असेन. बातमी मला काही वर्षांनी कळली.

गेल्या महिन्यात ती मुलगी पुन्हा आली. या खेपेला तिचे वडील मोकळेपणी बोलले. त्यांनी सांगितले की गणेशगुडीच्या वाटेवर थांबणारे पर्यटक माकडांना बिस्किटे टाकतात आणि आता तिथली पोरे-माकडे पुडा दातांनी कडेने फाडतात. म्हातारी अजून मधोमध चावत बसतात. हे ऐकून मुलगी वडिलांकडे पाहत राहिली. ही कोशिमाचीच गोष्ट आहे आणि माणसाने खाणे टाकल्यामुळे बिघडलेलीही तीच, हे तिच्या आधी त्यांनी टिपले होते. मी ट्रंकेतून वह्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. तीन वह्यांना वाळवी लागली आहे, बाकीच्या वाचता येतात. ते वह्या उलटीत होते. मग त्यांनी विचारले, या जपानी मास्तरांना ती बिनपगारी वर्षे घरचे लोक काही बोलले नसतील का? मी म्हणालो की त्यांचे रेशमाचे दुकान होते. ते म्हणाले, आपली सुपारी आहे, अकरा गुंठे. मग एम.एस्सी.च्या प्रवेशाचा अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती, ते मला विचारून त्यांनी वहीच्या कोपऱ्यावर लिहून घेतले.